कॅनडाच्या नवीन युद्धनौका: एवढा पैसा आणि एवढी वर्षं नक्की जातात कुठे?

डार्टमाउथकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी हॅलिफॅक्सला असतो, म्हणजे खाडीच्या पलीकडे डार्टमाउथला. रोज पुलावरून ये-जा असते, खाली नौदलाची गोदी दिसते आणि जरा पुढे अर्विंगचं शिपयार्ड, त्या प्रचंड शेडमध्येच म्हणे नवीन रिव्हर क्लास विनाशिका बांधायला घेतल्यात. ऑफिसात हा विषय निघाला की दोन गट पडतात, एक म्हणतो देशाला गरज आहे, दुसरा म्हणतो शुद्ध लूट आहे, आणि मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं म्हणून इथे विचारतोय.

मला जेवढं माहितीये ते असं. एकूण १५ जहाजं बांधायची आहेत, डिझाइन ब्रिटिश टाइप २६ चं. पहिली तीन म्हणजे फ्रेझर, सेंट लॉरेंट आणि मॅकेंझी. मार्च २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की ही पहिली तीन बांधून हातात यायला २२.२ अब्ज कॅनेडियन डॉलर लागतील. आणि पहिलं जहाज कधी? २०३० नंतर दोन-तीन वर्षांत. शेवटचं? २०५० पर्यंत!! तोपर्यंत मी रिटायर होऊन गावी शेती करत असेन.

आता हिशोब करा. डॉलर ६०-६२ रुपये धरला तर तीन जहाजांचे एक लाख पस्तीस-चाळीस हजार कोटी, म्हणजे एकाचे पंचेचाळीस हजार कोटी. आपल्या माझगाव डॉकमध्ये विशाखापट्टणम क्लासच्या चार विनाशिका झाल्या त्या चारांचे मिळून ३५ हजार कोटींच्या आसपास. त्यावर ब्राह्मोस पण आहे. जहाजं आकाराने फार वेगळी पण नाहीत, आपली १६३ मीटर, यांचं १५१.

मग हा पाचपट फरक कसला? मजुरी जास्त हे कळतं, पण पाचपट? कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज समजावून सांगा. राजकारण करू नका, आधीच सांगतो (कुणी ऐकणार नाही हेही माहितीये).

---

कोल्हापुरी_कॅलगरीत

आरं मग कोरियाकडनं घ्या की. ती लोकं दोन-तीन वर्षांत जहाज पाण्यात सोडत्यात आणि वर हसून नमस्कार पण करत्यात. इथं शेडमध्ये पंचवीस वर्षं कशाला बसायचं?

---

निवृत्त_गोदीकर

डार्टमाउथकर, प्रश्न चांगला विचारलात. मी मुंबईत जहाजबांधणीत उभी नोकरी काढली, आउटफिटिंगच्या (जहाजात पाइप, केबल, यंत्रं बसवायच्या) बाजूला, त्यामुळे जेवढं कळतं तेवढं लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, युद्धनौकेत लोखंड सगळ्यात स्वस्त. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही कारण त्याला दिसतं ते लोखंडच. पोलाद कापणं, ब्लॉक जोडणं, हल (जहाजाचं धड) उभी करणं हा एकूण खर्चातला लहान भाग. पैसा जातो तो रडार, सोनार, क्षेपणास्त्रं, कॉम्बॅट सिस्टिम (लढाईचं नियंत्रण करणारी संगणक यंत्रणा) आणि हे सगळं एकमेकांशी बोलतं करण्यात, आणि त्यासाठी लागणाऱ्या केबल, पाइप, चिल्ड वॉटर (उपकरणं थंड ठेवणारं गार पाणी), वीज यांच्यात.

आता कॅनडाने काय केलं ते बघा. निविदा काढताना अट अशी होती की डिझाइन तयार हवं, कोरा कागद नको, जोखीम कमी. ऑक्टोबर २०१८ ला टाइप २६ निवडलं. तेव्हा ब्रिटनचं स्वतःचं पहिलं टाइप २६, ग्लासगो, त्याचं पोलाद कापायला सुरुवात होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. म्हणजे ज्याला तयार डिझाइन म्हणून घेतलं ते पाण्यातही उतरलं नव्हतं, २०२२ च्या शेवटी उतरलं. आणि पुढे ब्रिटिश नौदलानेच जाहीर केलं की ते कामाला लागायला २०२८ उजाडेल.

बरं, घेतलं ते घेतलं, तसंच्या तसं बांधायचं ना. नाही. ब्रिटिश जहाजावर फिरणारं हलकं रडार आहे. कॅनडाने लॉकहीड मार्टिनचं एसपीवाय-७ बसवायचं ठरवलं, चार बाजूंना चार स्थिर चेहरे. रडार उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही, स्पेन आणि जपानही घेतायत. पण आता साखळी बघा. चार चेहरे उंचावर म्हणजे वजन उंचावर. वजन उंचावर गेलं की जहाज डोलायला लागतं, मग मास्टची बांधणी बदला, खाली वजन भरा किंवा रुंदी वाढवा. या रडारला वीज जास्त, म्हणजे जनरेटरवरचा ताण, स्विचबोर्ड, केबल सगळं मोठं. जेवढी वीज तेवढी उष्णता, म्हणजे चिल्ड वॉटर प्लांट मोठा. प्लांट मोठा म्हणजे तो कंपार्टमेंट मोठा, म्हणजे शेजारच्या कंपार्टमेंटची जागा गेली, तिथलं सामान कुठे हलवायचं? आणि हे सगळं बसवून वजन वाढलं की वेग, इंधन आणि पुढे तीस वर्षांत नवीन काही बसवायला राखलेली वाढीची जागा, सगळ्याला कात्री. एक रडार बदललं आणि अर्ध्या जहाजाची ड्रॉइंग परत काढावी लागली, इतकं साधं आहे ते.

उदाहरण देतो. बल्कहेडमधून (दोन कप्प्यांमधल्या भिंतीतून) केबल जातात तिथे एमसीटी असतात, एका चौकटीत रबराचे ब्लॉक घट्ट बसवून त्यातून केबल पार करायच्या, पाणी किंवा आग पलीकडे जाऊ नये म्हणून. एकदा भरून प्रेशर टेस्ट झाली की त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि मग डिझाइन ऑफिसकडून कागद येतो, अजून चार केबल घाला. चौकट भरलेली. मग दुसरं भोक पाडा, म्हणजे हॉट वर्क परमिट, दोन्ही बाजूला फायर वॉचचा माणूस, दोन्ही बाजूचा रंग जळतो, इन्सुलेशन काढायचं, पलीकडे नेमकी पाइपलाइन असते ती हलवायची, मग वेल्डिंग, तपासणी, परत रंग, परत टेस्ट. कागदावर चार केबल, जागेवर आठवड्याभराचं काम आणि पाच वेगवेगळे ट्रेड. जे काम शॉपमध्ये ब्लॉक उघडा असताना एका तासात होतं तेच जहाज बंद झाल्यावर कित्येक पट वेळ खातं, हे कुठल्याही गोदीत कुणालाही विचारा.

म्हणून डिझाइन पक्कं होण्याआधी बांधायला घेऊ नये. कॅनडावाल्यांनी निदान हे तरी पाळायचा प्रयत्न केलाय, २०१९ च्या फेब्रुवारीत डिझाइनचं काँट्रॅक्ट आणि पोलादाला हात २०२४ च्या जूनमध्ये, तोही आधी टेस्ट मॉड्यूलला. लोक म्हणतात पाच वर्षं फुकट घालवली. मी म्हणेन ती घालवायलाच हवी होती. अमेरिकेने उलट केलं. इटालियन-फ्रेंच फ्रेम (FREMM) फ्रिगेटचं डिझाइन घेतलं, म्हणाले फारसं बदलणार नाही, मग बदलत बदलत मूळचं थोडकंच उरलं, आणि डिझाइन अर्धवट असताना बांधायला घेतलं. कॉन्स्टेलेशन क्लास. नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली दोन ठेवून बाकीची रद्द केली.

---

मंजिरी_टोरंटो

गोदीकर काकांनी मस्त लिहिलंय. मी जहाजवाली नाही, पण सरकारी खरेदीचे आकडे बघणं हा माझा रोजचा धंदा आहे म्हणून त्या बाजूने लिहिते.

डार्टमाउथकर, तुमचा पाचपट हा आकडा तसा मांडता येत नाही हो. दोन्ही बाजूंना काय काय मोजलंय ते आधी बघायला लागतं. २२.२ अब्जात पहिल्या जहाजांचा सगळा शिकण्याचा खर्च, यार्डची तयारी, पुरवठादारांची साखळी उभी करणं हे बऱ्यापैकी आलंय. आणि तरी सगळं त्यात नाही! जहाजं प्रत्यक्ष सेवेत आणायला लागणारी उपकरणं, ट्रेनिंग, दारूगोळा वगैरेसाठी अजून ५.५ अब्ज वेगळे सांगितलेत. भारतात क्षेपणास्त्रं वेगळ्या खात्यातून येतात, डिझाइन नौदलाचं स्वतःचं ऑफिस करतं आणि तिथल्या लोकांचा पगार जहाजाच्या किमतीत धरत नाहीत, यार्ड सरकारी. त्यामुळे आकडे शेजारी ठेवून भागाकार केला की चुकीचंच उत्तर येणार. फरक आहेच, मोठा आहे, पण पाचपट नाही.

आता इथल्या आकड्यांची गंमत. २००८ च्या सुमारास १५ जहाजांना २६ अब्ज म्हणत होते. २०१७ ला ते ५६ ते ६० अब्ज झालं. मग संसदेचं जे बजेट ऑफिस आहे ना, पीबीओ, त्यांनी २०२१ मध्ये ७७.३ अब्ज काढले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ८४.५. आणि ही फक्त खरेदी बरं का. पुढची सगळी वर्षं चालवायची, इंधन, दुरुस्ती, माणसं, असं धरून त्यांनीच ३०६ अब्ज सांगितले. पेपरवाले कधी हा आकडा टाकतात कधी तो, मग आपण गोंधळणारच.

आता तुमच्या ऑफिसातला "लूट"वाला गट काय म्हणत असेल ते मला माहितीये: फ्रेम! २०१७ च्या शेवटी इटलीच्या फिंकांतिएरी आणि फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपने निविदेच्या बाहेरून फ्रेमचा प्रस्ताव दिला, १५ जहाजं ३० अब्जांत. सरकारने बघितलाच नाही, प्रक्रियेत बसत नाही म्हणाले. त्यावरून आजही भांडणं होतात. माझं मत विचाराल तर प्रक्रियेबाहेरचा प्रस्ताव नाकारणं बरोबरच होतं, एकदा असं दार उघडलं की पुढच्या प्रत्येक निविदेत हरणारा माणूस मागच्या दाराने चिठ्ठी टाकणार. पण मग पीबीओने २०२१ मध्ये फ्रेमचा अंदाज स्वतः काढला तो ७१.१ अब्ज आला, ३० नाही. म्हणजे इटलीत बांधलेलं जहाज हॅलिफॅक्समध्ये बांधायला काढलं की ते इटलीच्या किमतीत होत नाही.

हां, त्याच अहवालात ब्रिटनचं लहान टाइप ३१ पण होतं, २७.५ अब्जांत १५. खरा वाद तिथे व्हायला हवा होता असं मला वाटतं. सगळी पंधराच्या पंधरा एवढी मोठी, सगळं करणारी हवीत का? थोडी मोठी आणि थोडी साधी असं केलं असतं तर? पण यावर कुणी बोलतच नाही, सगळे फ्रेम फ्रेम करत बसतात.

---

कोल्हापुरी_कॅलगरीत

ताई ते सगळं खरं पण माझ्या कोरियाचं काय?

---

मंजिरी_टोरंटो

@कोल्हापुरी, येतेय तिकडेच 😄

परदेशात बांधलं तर स्वस्त पडेल यात वादच नाही. पण इथला इतिहास बघा. आत्ताच्या हॅलिफॅक्स क्लासच्या १२ फ्रिगेट, त्यातल्या नऊ सेंट जॉनला बांधल्या, न्यू ब्रन्सविकमध्ये, तीन क्वेबेकला डेव्हीमध्ये. शेवटची १९९६ ला सेवेत आली. मग काय? ऑर्डर संपली. सेंट जॉनचं यार्ड २००३ ला बंद करून टाकलं, तेही अर्विंग घराण्याचंच होतं. वेल्डर, पाइपफिटर, प्लॅनर सगळे पांगले, कुणी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गेले, कुणी आल्बर्टाला. मग २०१० मध्ये सरकारने ठरवलं की एकदम बारा आणि मग शून्य हे बंद, एका मागोमाग एक जहाज येत राहील. २०११ ला लढाऊ जहाजांचं काम हॅलिफॅक्सला आणि बिनलढाऊ व्हँकूव्हरला सीस्पॅनकडे. डेव्हीला तेव्हा काही मिळालं नाही, क्वेबेकमध्ये बोंबाबोंब झाली, शेवटी २०२३ मध्ये तेही आले.

म्हणून "२०५० पर्यंत" हा उशीर नाहीये डार्टमाउथकर, तो प्लॅनच आहे. मुद्दाम हळू बांधायचं म्हणजे यार्ड रिकामं पडत नाही. शेवटचं जहाज झालं की पहिलं म्हातारं झालेलं असतं आणि त्याच्या बदलीचं काम सुरू करायचं. त्याची किंमत महागाईच्या रूपात मोजावी लागते, लांबवलं की प्रत्येक वर्षी खर्च वाढतो. ती मोजायची की नाही हा राजकीय निर्णय आहे आणि तुम्ही राजकारण करू नका म्हणालात 😛

---

अरबी_समुद्र_७४

खर्चावर सगळे बोलले, मी हत्यारांवर बोलतो. मला यात खरा लोच्या तिथे दिसतो.

आधी या जहाजावर ३२ व्हर्टिकल सेल (डेकमध्ये उभ्या बसवलेल्या, क्षेपणास्त्रं डागायच्या नळ्या) होणार होत्या. २०२४ मध्ये नाव ठेवताना कळलं की २४ च आहेत. सोबत सी सेप्टरची लहान क्षेपणास्त्रं होती तीही काढली आणि त्याऐवजी रॅम या जवळच्या पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे दोन लाँचर आले, प्रत्येकी २१ क्षेपणास्त्रांचे. आता आठ हजार टनांच्या वरच्या जहाजाला २४ सेल म्हणजे काय? ऑस्ट्रेलिया हेच टाइप २६ घेतंय, हंटर क्लास, त्यांच्याकडे ३२. ब्रिटिशांकडे २४ आहेत पण वर सी सेप्टरच्या ४८ वेगळ्या. आपल्या विशाखापट्टणमवर बराक-८ च्या ३२ आणि ब्राह्मोसच्या १६ वेगळ्या, तेही ७,४०० टनांत.

तांबड्या समुद्रात हुथींनी काय केलं ते बघितलं ना सगळ्यांनी. स्वस्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं रोज यायची आणि जहाजं महागडी क्षेपणास्त्रं उडवत बसायची. सेल संपल्या की बंदरात जायचं, समुद्रात व्हर्टिकल लाँचर भरणं अजून नीट जमलेलं नाही कुणाला. मग २४ सेलमध्ये एसएम-२ (हवाई संरक्षणाची) पण ठेवायची, टोमाहॉक (जमिनीवर लांब मारा करणारी) पण ठेवायची असं म्हणतायत, आठ टोमाहॉक ठेवली की हवाई संरक्षणाला उरली १६. एवढं भारी रडार लावलं की शेकडो किलोमीटरवरचं दिसतं आणि मारायला गोळ्या नाहीत.

गोदीकर काकांनी सांगितलेली रडारची साखळी इथे येऊन संपते असं मला वाटतं. वजन रडारने खाल्लं आणि सेल कापल्या गेल्या.

---

निवृत्त_गोदीकर

अरबी समुद्र, काही अंशी बरोबर. पण फक्त सेल मोजून जहाज तोलू नका हो. टाइप २६ मुळात पाणबुडी शोधायला बनवलंय. हल शांत ठेवायला केवढा खटाटोप आहे त्यात. शांतपणे फिरताना गॅस टर्बाइन बंद आणि नुसत्या डिझेल जनरेटरच्या विजेवर मोटारी चालवायच्या, ते जनरेटरही रबरी माउंटिंगवर बसवलेले म्हणजे कंपन हलमध्ये उतरू नये. मागून ओढायचा सोनार, हलमध्ये सोनार, वर सायक्लोन हेलिकॉप्टर. उत्तर अटलांटिकमध्ये रशियन पाणबुड्यांमागे फिरणं हे कॅनडाच्या नौदलाचं दुसऱ्या महायुद्धापासूनचं काम आहे, तेव्हा जर्मन यू-बोटींपासून काफिले सांभाळले त्यांनी. तिथे ३२ आणि २४ सेलचा फार फरक पडत नाही, आवाजाचा पडतो. आणि रॅम तुम्ही कमी लेखताय, तुम्ही म्हणता त्या ड्रोनसाठीच ते बरं, एकही सेल न अडवता ४२ क्षेपणास्त्रं हाताशी.

माझी काळजी वेगळी आहे. कॅनडाची स्वतःची कॉम्बॅट सिस्टिम आहे, सीएमएस ३३०, चांगली आहे, हॅलिफॅक्स क्लासवर चालते. आता या जहाजावर सीएमएस ३३० पण आणि अमेरिकन एजिस (तशीच लढाईची यंत्रणा) पण, दोन्ही एकमेकांना जोडायच्या. दोन सुना एका स्वयंपाकघरात घालण्यासारखं आहे हे, दोघीही सुगरण, पण गॅसचा कॉक कुणाच्या हातात हे आधी ठरायला हवं. हे जुळवायला आधी किनाऱ्यावर पूर्ण व्यवस्था उभी करून चाचण्या घ्याव्या लागतात, हार्टलेन पॉइंटला ते बांधतायत, डार्टमाउथकरांच्या जवळच आहे. जहाजावर बसवून मग सॉफ्टवेअर जुळवायला गेलात तर संपलंच.

---

अरबी_समुद्र_७४

काका दोन सुनांचं पटलं 😂 सेलचं नाही पटलं. पाणबुडी शोधायलाच असेल तर मग एजिस आणि टोमाहॉक कशाला? सगळं पाहिजे म्हणून सगळं थोडं थोडं घेतलंय. आणि एजिस म्हणजे अमेरिकेच्या सरकारमार्फतच येणार, ट्रम्प इकडे कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणतोय आणि तुम्ही त्याच्याकडून जहाजाचा मेंदू घेताय.

---

मंजिरी_टोरंटो

आता हे बदलायचं म्हटलं तर परत पाच वर्षं ड्रॉइंग. त्यापेक्षा शेवटच्या बॅचला बदला. १५ एकदम सारखी बांधायची सक्ती नाहीये, तीन-तीनच्या गटात बदल करत जाता येतं.

---

वेल्डरची_बायको

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. माझा नवरा इथे अटलांटिक कॅनडात एका यार्डमध्ये आहे, कुठल्या ते नको. तुम्ही सगळे रडार आणि अब्ज बोलताय, मला माणसांबद्दल सांगायचंय.

रिव्हर क्लासच्या आधी हॅलिफॅक्सला आर्क्टिक गस्तीची जहाजं बांधली, हॅरी डिवुल्फ क्लास, नौदलाला सहा आणि कोस्ट गार्डला दोन. पहिल्याचं पोलाद २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कापलं आणि नौदलाला मिळालं २०२० च्या जुलैमध्ये. साधं जहाज, पुढे २५ मिलिमीटरची एक तोफ, बर्फातून जायला जाड हल, बाकी काही नाही. तरी पाच वर्षं. का? कारण १९९६ नंतर असं काम केलेला माणूसच उरला नव्हता. ज्यांनी बारा फ्रिगेट बांधल्या ते म्हातारे झाले, मधली पिढी नाहीच, आणि नवीन पोरं कॉलेजातून येतात त्यांना वेल्डिंग येतं पण जहाज येत नाही. नवरा म्हणतो कप्पा कुठल्या क्रमाने भरायचा हे पुस्तकात नसतं. आधी मोठा पाइप, मग डक्ट, मग केबल ट्रे, क्रम चुकला की दुसऱ्याने लावलेलं तिसरा काढतो आणि चौथा चिडतो.

पण प्रत्येक जहाजाला फरक पडत गेला हे पण तोच सांगतो. तेवढ्यासाठीच ती जहाजं आधी घेतली असं म्हणतात, लोकांचा हात बसावा म्हणून. त्यात चुका पण झाल्या, पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये शिसं जास्त निघालं ते पेपरात आलं होतं, मोठी बातमी झाली. आता तेच लोक रिव्हर क्लासवर जाणार. मधल्या काळात काम थांबू नये म्हणूनच सहावं जहाज आणि मग कोस्ट गार्डची दोन वाढवली, त्यावरही टीका झाली की गरज नसताना का. पण मधे वर्ष-दोन वर्षं खाडा पडला असता तर अर्धी माणसं गेली असती, आणि मोठ्या जहाजाला परत पहिल्यापासून सुरुवात.

---

निवृत्त_गोदीकर

ताई, लाखमोलाचं लिहिलंत. डार्टमाउथकर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यांनी दिलं बघा.

आपल्याकडे नेमकं हेच झालं नाही, म्हणजे खंड पडला नाही. दिल्ली क्लास, मग त्याच घराण्यातला कोलकाता, मग विशाखापट्टणम. प्रत्येक वेळी थोडं बदललं, सगळं नाही. आयएनएस दिल्ली १९९७ ला आली आणि तेव्हापासून माझगावच्या स्लिपवर काही ना काही आहेच. विशाखापट्टणमची कील (तळाचा कणा, बांधणीची सुरुवात) २०१३ ला आणि जहाज सेवेत २०२१ ला, म्हणजे आठ वर्षं. त्याच क्लासच्या शेवटच्या सुरतची कील २०१९ च्या नोव्हेंबरला आणि जानेवारी २०२५ ला सेवेत, मधे कोविड असून सव्वापाच वर्षं. हा जो आठवरून पाचवर येण्याचा प्रवास आहे तो यार्डच्या लोकांच्या हातात असतो. कॅनडाच्या हातून तो १९९६ ते २०१५ मध्ये निसटला आणि आता विकत घेतायत.

आपल्याकडेही उशीर, खर्चवाढ सगळं झालंय, उगाच छाती फुगवायची नाही. पण हात बसलेला आहे.

---

कोल्हापुरी_कॅलगरीत

बरं जहाजं झाली असं धरू, चालवणार कोण? इथं नौदलात भरती व्हायला कोण तयार न्हाई असं ऐकलंय.

---

अरबी_समुद्र_७४

हे खरंय. २०२३ च्या शेवटी त्यांच्या नौदलप्रमुखांनीच, व्हाइस अॅडमिरल टॉपशी, व्हिडिओ काढून सांगितलं की अवस्था गंभीर आहे, तंत्रज्ञ मिळत नाहीत. एका रिव्हर क्लासवर साधारण २१० माणसं लागतील. आणि तोपर्यंत हॅलिफॅक्स क्लासला ओढायचं आहे, ती जहाजं तिशी ओलांडून गेलीत, हल गंजतोय, एकेक दुरुस्तीला गेलं की आधी ठरलेल्यापेक्षा जास्तच निघतं. किंग्स्टन क्लासची लहान बारा होती त्यातली आठ २०२५ च्या शरद ऋतूत काढली, माणसं दुसरीकडे वापरायला.

आणि हवाई संरक्षणाच्या जुन्या विनाशिका तर २०१७ ला संपल्या, अथाबास्कन शेवटची. तेव्हापासून लांब पल्ल्याचं हवाई संरक्षण देणारं एकही जहाज नाही या नौदलाकडे. माझा सेलचा मुद्दा तिथून येतो काका.

---

डार्टमाउथकर (धागाकर्ता)

बापरे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. गोदीकर काका आणि मंजिरी ताई दोघांचे आभार, एमसीटीवालं तर उद्या ऑफिसात तसंच्या तसं सांगणार. आता माझं मत असं झालंय की लूट म्हणणाऱ्यांना सेंट जॉनचं यार्ड का बंद पडलं ते आधी विचारायचं. पण २४ सेलवर मी अरबी समुद्रच्या बाजूने आहे.

दोन प्रश्न राहिले. एक, पाणबुड्या. त्या तरी बाहेरून घेणार ना? की त्या पण हॅलिफॅक्सला बांधणार 😅 दुसरा जरा कामाचा, माझा मावसभाऊ नेव्हल आर्किटेक्ट आहे, कोचीनला शिकलाय, त्याला इथला पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळालाय नुकताच, या कामात शिरायला त्याला काय करावं लागेल?

---

मंजिरी_टोरंटो

पाणबुड्या बाहेरूनच. बारापर्यंत घ्यायच्या म्हणतायत, ऑगस्ट २०२५ ला दोन नावांवर आणलं, जर्मनीची टीकेएमएस आणि कोरियाची हान्व्हा. म्हणजे कोल्हापुरींचा कोरिया आलाच शेवटी! १९९८ ला ब्रिटनकडून चार जुन्या घेतल्या होत्या त्याचा अनुभव वाईट आहे, त्यातल्या शिकूटिमीला २००४ मध्ये कॅनडाकडे येताना आग लागली, एक अधिकारी गेला त्यात. त्यामुळे आता जुनं नको, नवीनच. आणि गंमत म्हणजे तीच टीकेएमएस २०२५ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकला सोबत घेऊन भारतीय नौदलाच्या सहा पाणबुड्यांची बोलणी करत होती.

---

कोल्हापुरी_कॅलगरीत

बघा!! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलेलं.

---

वेल्डरची_बायको

मावसभावाबद्दल, मला नवऱ्याच्या कामावरून जेवढं माहिती तेवढं. युद्धनौकेच्या कामाला कंट्रोल्ड गुड्स प्रोग्रामखाली (संरक्षण सामान हाताळणाऱ्यांसाठीची सरकारी व्यवस्था) तपासणी होते, ती कंपनीमार्फत होते, आपण स्वतः जाऊन करता येत नाही. पीआरवाल्यांना बंद नाहीये. वर सिक्युरिटी क्लिअरन्स लागला तर साध्याला मागच्या पाच वर्षांची आणि सीक्रेटला दहा वर्षांची माहिती मागतात, कुठे राहिलात, कुठे काम केलंत, आणि बाहेरच्या देशातली वर्षं तपासायला वेळ लागतो. म्हणून भारतातले सगळे पत्ते, जुन्या कंपन्यांची पत्रं, पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट हे आत्ताच गोळा करून ठेवायला सांगा, नोकरीची ऑफर आल्यावर नाही. आणि नुसतं यार्डमध्येच शोधू नका, डिझाइनचं बरंच काम बाहेरच्या लहान कंपन्यांकडे असतं, तिथे शिरणं सोपं पडतं.

---

निवृत्त_गोदीकर

कोचीनचा आहे म्हणजे पाया चांगला असणार. त्याला सांगा बायोडेटात "वजन आणि स्थिरता" यावर काय केलंय ते वर लिही, या जहाजाला सगळ्यात जास्त तीच माणसं लागणार आहेत. मेसेज करायला सांगा मला, एक-दोन जुने सहकारी तिकडे गेलेत.